झाडं वाचायची कशी? सह्याद्रीतल्या भटक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रानात फिरायला येणारी माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः कोकण, घाटमाथा आणि देशावरच्या झाडांची आहेत. विदर्भातल्या आणि गोव्यातल्या वाचकांनी आपापल्या रानाप्रमाणे कमीजास्त करून घ्यावं.

झाड वाचायचं म्हणजे काय? त्यासाठी सगळ्या झाडांची नावं यायला हवीत का?

नावं आली तर सोपं जातं, पण सुरुवात नावांपासून करायची गरज नाही. झाड जागा सोडून पळू शकत नाही. त्यामुळे उन्हाळा, वारा, वणवा, कोयता, जनावराचं शिंग, जे काही त्याच्या वाट्याला येतं ते त्याच्या अंगावर राहतं. आपण ते बघायचं आणि विचारायचं, ही फांदी इकडेच का वाढली? साल इथेच का नाही? हे एकटंच झाड उन्हाळ्यात हिरवं कसं?

आमचं मत सांगायचं तर परदेशी पुस्तकं आणि व्हिडिओ पाहून लोक झाडांकडून दिशा शिकायला बघतात. आपल्याकडची झाडं दिशा सांगतात, पण अडखळत सांगतात. पाणी, वारा, आग आणि माणूस या चार गोष्टींबद्दल मात्र ती भरभरून बोलतात. म्हणून पुढची बरीच उत्तरं त्याच चार गोष्टींभोवती फिरतील.

शेवाळ झाडाच्या उत्तर बाजूला वाढतं, म्हणून त्यावरून उत्तर दिशा ओळखता येते, हे खरं का?

इंग्लंड-जर्मनीत यात थोडंफार तथ्य आहे. तिथे सूर्य बाराही महिने दक्षिणेकडून जातो, त्यामुळे खोडाची उत्तर बाजू सावलीत आणि ओलसर राहते. आपल्याकडे गणितच वेगळं आहे. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर आपल्या डोक्यावर येतो. मुंबईत हे शून्य सावलीचे दिवस मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस येतात. या दोन तारखांच्या मधल्या काळात भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. आणि शेवाळ तरारून वाढतं ते नेमकं पावसाळ्यातच. मग उत्तर बाजूच सावलीत राहणार, हा तर्क उरतो कुठे?

सह्याद्रीत शेवाळ बघताना पाऊस कुठून झोडपतो ते आधी पाहा. उघड्यावरच्या झाडाची पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजू जास्त भिजते. खोड कललं असेल तर पाणी ज्या बाजूने ओघळत खाली येतं, तिथे शेवाळाचा पट्टा दिसतो. महाबळेश्वर किंवा आंबोलीच्या दाट रानात तर खोडं चहूबाजूंनी मढलेली असतात, तिथे दिशा शोधणं व्यर्थ. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो तेव्हा एकट्या, जाड खोडाची दक्षिण बाजू आधी सुकते, एवढाच काय तो आधार. पण तेव्हा आकाशही निरभ्र असतं, सरळ सूर्यच बघावा.

मग दिशा सांगणारं झाड आपल्याकडे नाहीच का?

आहे, पण ते सूर्यापेक्षा वाऱ्यामुळे घडलेलं असतं. कोकण किनाऱ्यावरच्या उघड्या टेकाडांवर किंवा घाटमाथ्याच्या कड्यावर झाडांचे माथे एका बाजूला विंचरल्यासारखे दिसतात. किनाऱ्यावर खारा वारा समुद्राकडच्या बाजूच्या कोंबांना करपवतो, घाटावर जोराचा वारा त्यांना सुकवतो आणि मोडतो. वाढ होते ती आडोशाच्या बाजूला. आपल्याकडे वर्षातले सगळ्यात जोरकस वारे पावसाळ्यात पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतात, म्हणून असा माथा साधारण पूर्वेकडे किंवा ईशान्येकडे रोखलेला असतो.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. एकाच झाडावर विसंबू नका, एका टापूतली आठ-दहा झाडं एकाच बाजूला झुकली असतील तरच तो वारा समजायचा. आणि खिंडीत किंवा दरीच्या तोंडाशी वारा दरीप्रमाणे वळतो, तिथली झाडं त्या दरीची दिशा दाखवतील, नकाशाची नाही.

किनाऱ्यावरच्या माडाला हा नियम लावू नका. तो वाऱ्याला न जुमानता पुष्कळदा समुद्राकडेच झुकलेला दिसतो, कारण मोकळा उजेड त्या बाजूला असतो.

उंबराखाली पाणी असतंच, असं गावातली जाणती माणसं म्हणतात. त्यावर विसंबून विहीर खणावी का?

या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही.

उंबर ओल शोधतो, हे खरं. ओढ्याकाठी, वहाळाच्या वळणावर, जुन्या विहिरीच्या कडेला तो हटकून दिसतो. त्याच्या जोडीला अर्जुन, करंज, जांभूळ आणि वाळुंज ही मंडळी येतात. अर्जुन ओळखायला सोपा. साल गुळगुळीत, पांढुरकी, जागोजाग पापुद्रे सुटलेली आणि मुळं थेट पाण्यात उतरलेली. उन्हाळ्यात ओढा कोरडा पडला तरी दोन्ही काठांवर अर्जुन हिरवेगार असतील तर वाळूखाली पाणी वाहतं आहे असं मानायला हरकत नाही.

झाडांवरून पाणी शोधण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अख्खा अध्याय त्यावर आहे. उंबराच्या पश्चिमेला तीन हातांवर अडीच पुरुष खोल, जांभळाच्या उत्तरेला तीन हातांवर दोन पुरुष खोल पाण्याची शीर लागते, अशा थाटाची सूत्रं त्यात आहेत. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढी उंची. हे आकडे कुठल्याही गावात जसेच्या तसे लागू होतील अशी अपेक्षा ठेवू नये. पण झाडाची जात, जवळचं वारूळ, मातीचा रंग या सगळ्यांचा मेळ घालून अंदाज बांधायचा, ही रीत आजही टिकून आहे. गावातले चांगले पाणाडी हेच करतात. हातातली उंबराची दुबेळकी काठी किंवा तळहातावरचा नारळ हा बराचसा देखावा. नजर झाडांवर आणि उतारावर असते.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा आहे. त्यात पाणी वाळूसारखं सगळीकडे पसरलेलं नसतं. ते भेगांत, सच्छिद्र थरांत आणि दोन लाव्हाथरांमधल्या सांध्यात अडकतं. पुष्कळ ठिकाणी या सांध्यावर गेरूसारखा लाल मातीचा थर असतो. त्यातून पाणी सहज खाली झिरपत नाही, ते आडवं वाहत डोंगराच्या उतारावर बाहेर पडतं. एप्रिल-मे महिन्यात समोरचा डोंगर नीट पाहा. सगळा उतार करपलेला आणि मध्यावर एकाच उंचीला हिरव्या झाडांची आडवी रेघ दिसली, तर ती झऱ्यांची रेघ असण्याची शक्यता मोठी. किल्ल्यांवरची कित्येक टाकीही अशाच थरांचा अंदाज घेऊन खोदलेली दिसतात. उतारावर वरून खाली किंवा तिरपी गेलेली हिरवी रेघ असेल तर ती बहुधा भेग किंवा ओघळ.

आता विहिरीचं. झाड उथळ ओलीबद्दल सांगतं. वीस-तीस फुटांच्या विहिरीसाठी ती खूण कामाची, पाचशे फुटांच्या बोअरसाठी नाही. पैसे घालण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारा. आणि उंबर नळगळतीवर, मोरीच्या पाण्यावरही मजेत वाढतो. पुण्या-मुंबईत जुन्या इमारतीच्या भिंतीत उगवलेला उंबर भूजलाबद्दल काही सांगत नाही, तो तुमच्या प्लंबिंगबद्दल सांगतो.

बहावा फुलला की दोन महिन्यांत पाऊस येतो, हे कितपत खरं?

बहावा एप्रिल-मे महिन्यात फुलतो. मोसमी पाऊस केरळात सरासरीने १ जूनला आणि मुंबईत ११ जूनला पोचतो. म्हणजे बहावा फुलला काय नि न फुलला काय, तिथून दोन महिन्यांच्या आत पाऊस येणारच. भाकीत खरं ठरतं ते पंचांगामुळे. बहावा उन्हाच्या तापाला उत्तर देतो, पुढचा पाऊस त्याला ठाऊक नसतो.

कावळ्याच्या घरट्याचंही असंच. आंबा, करंजावर घरटं झालं तर पाऊस चांगला, बाभळी-सावरीसारख्या काटेरी झाडावर झालं तर ओढ, असा समज गावोगाव आहे. ऐकायला छान आहे. पेरणी त्यावर ठरवू नका.

पाऊस यायला दोन-तीन महिने असताना ऐन उन्हाळ्यात झाडांना पालवी कुठून फुटते?

पान गाळल्यामुळे झाडाचा पाण्याचा खर्च जवळजवळ थांबतो. मग खोडात आणि खोल मुळांशी असलेल्या ओलीवर ते नवी पानं काढू शकतं. दिवस मोठा होऊ लागणं आणि तापमान वाढणं हा त्याचा इशारा असावा. पाऊस सुरू होईपर्यंत पानं पक्की झालेली असतात आणि पावसाबरोबर येणाऱ्या अळ्यांना कोवळा पाला कमी मिळतो, हा फायदा वेगळाच. ऐनाच्या जाड खोडावर कधीकधी फुगवटा असतो आणि त्यात पाणी साठलेलं असतं. मात्र ते खरं की खोटं हे बघायला कोयता चालवू नका.

मार्चमध्ये कुसुंब पाहिलाच पाहिजे. लांबून वाटतं झाड फुललंय. जवळ गेल्यावर कळतं की ती पानं आहेत, लालभडक, मऊ, किंचित लोंबणारी. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरेसं तयार व्हायच्या आधी हा लाल रंग प्रखर उन्हापासून आडोसा देतो. आठवड्याभराने त्याच फांदीकडे पुन्हा गेलात तर खालची पानं पोपटी झालेली आणि शेंडा अजून लालच, असा प्रकार दिसेल. पिंपळाची तांबूस पालवी हाच खेळ शहरात दाखवते.

झाडावरून जमीन कशी ओळखायची?

एका झाडावरून नाही, सोबतीवरून. बाभळी दाट आणि धष्टपुष्ट असतील तर काळी, ओल धरणारी माती. त्याच गावात माळावर चढलात की बाभूळ विरळ होते आणि हिवर, खैर दिसू लागतात. म्हणजे खाली मुरूम आला. उतार खडा आणि दगडाळ झाला की धावडा आणि मोई. सातपुड्यात, मेळघाटात त्याच जागी सालई उभी असते. कांडोळ तर निव्वळ कातळाच्या फटीत पाय रोवतो. पांढरं, चकचकीत, पानगळीनंतर चांदण्यात उजळणारं खोड, म्हणून त्याला काही भागात भुत्या म्हणतात.

खाडीकाठची खूण याहून पक्की. तिवराच्या भोवती चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली दिसतात, कांदळाची मुळं कमानी टाकून उभी असतात. तिवराचं पान तोडू नका, फक्त बोट फिरवून जिभेला लावा. खारट लागेल. झाड शोषलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं आणि कोरड्या दिवशी त्याचे बारीक कण डोळ्यांनाही दिसतात. जिथे ही झाडं संपतात तिथे भरतीची हद्द संपते. कागदोपत्री ती जमीन काहीही असो, मोठ्या भरतीला पाणी तिथवर येतं.

गोड्या पाण्याच्या दलदलीतही मुळं अशीच वर येतात. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथली आणि गोव्यात सत्तरीतल्या निरंकाराच्या राईतली रानजायफळाची दलदल बघण्याजोगी आहे. तिथली मुळं गुडघा दुमडल्यासारखी चिखलाबाहेर डोकावतात, कारण बुडालेल्या मुळांना हवा मिळत नाही. दोन्ही ठिकाणं देवाची आहेत. वहाणा बाहेर काढा आणि गावच्या माणसाला सोबत घ्या.

समोरचं रान जुनं आहे की एकदा तोडून पुन्हा वाढलेलं, हे कसं कळतं?

आमच्या मते झाडं वाचण्यातला सगळ्यात रंजक भाग हाच, आणि याकडेच कमी लोक बघतात.

आधी बुंध्याकडे पाहा. एकाच बुंध्यातून तीन-चार सारख्या जाडीची खोडं निघाली असतील तर मूळ झाड कधीतरी तोडलं गेलं आणि खुंटाला धुमारे फुटून ही खोडं झाली. आसपासची बहुतेक झाडं अशीच असतील तर एकदाच मोठी तोड झाली. खोडांच्या जाडीवरून ती किती जुनी याचा ढोबळ अंदाज येतो. सगळी झाडं सरळ रांगेत आणि एकाच वयाची असतील, तर ती लागवड. सागवानात हे लगेच दिसतं. पान चुरगाळून बोटं लाल झाली की साग नक्की.

मग फांद्या. रायगड, ठाणे, पालघर, रत्नागिरीकडे भाताच्या दाढीवर, म्हणजे रोपं करायच्या वाफ्यावर, राब भाजण्याची, म्हणजे पेरणीआधी फांद्या-पाला जाळण्याची पद्धत आहे. त्यासाठी ऐन, किंजळ यांचे टाहाळ दरवर्षी कोयत्याने उतरवतात. वर्षानुवर्षं छाटलेला ऐन विसरता येत नाही. मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली साल, खोडाला जागोजाग मुठीएवढ्या गाठी आणि प्रत्येक गाठीतून पानांचा एक झुबका. आडव्या फांद्या जवळजवळ नाहीतच. अशी झाडं दिसली की खाली कुठेतरी भातखाचरं आहेत किंवा होती, हे धरून चाला. झुबक्यांतल्या काठ्या मनगटाएवढ्या जाड झाल्या असतील तर राब बंद होऊन काही वर्षं लोटली. शेत पडीक पडलं, माणूस मुंबईला गेला, असलं बरंच काही त्या जाडीत असतं.

वणव्याची खूण बुंध्याशी मिळते. उतारावरच्या झाडाच्या चढाकडच्या बाजूला पाला साचतो, आग तिथे रेंगाळते आणि सालीला त्रिकोणी जखम होते. ती वरून निमुळती, खाली रुंद, आत कोळशाचा काळा थर. ज्या उतारावर दरवर्षी वणवा लागतो तिथे जाड सालीची ऐन, कुंभा, पळस अशी झाडं उरतात आणि त्यांच्या खाली रोपं दिसत नाहीत. मोठी झाडं आहेत पण पोरंबाळं नाहीत, असं रान दिसायला हिरवं असलं तरी आतून थकलेलं समजावं.

जुन्या रानात काय दिसतं? मांडीएवढ्या जाडीच्या वेली. गारंबीचा वेल एका झाडावरून दुसऱ्यावर पसरलेला असेल तर तिथे बराच काळ कुऱ्हाड लागलेली नाही. पडलेले ओंडके जागीच कुजत असतात, कारण कोणी सरपणाला नेलेले नसतात. देवराईच्या हद्दीवर उभे राहून एकदा आत आणि एकदा बाहेर बघा, काही पावलांत हा फरक समजतो. उलट घाणेरी माजली असेल, गिरिपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ दाटली असेल, तर माणसाने जागा एकदा उघडी केली होती.

रानात मध्येच चिंच, आंबा, चाफा एकत्र दिसतात. ते कोणी लावले?

बहुधा तिथे वस्ती होती. जोतं, फुटकी खापरं, पाटा-वरवंट्याचा तुकडा शोधा, सापडतील. वडाभोवती दगडी पार असेल तर गावची बसायची जागा तीच. आंबा मात्र एकटाही उगवतो, माकडं आणि माणसं दोघंही कोय टाकतात. चाफा आपला आपण फारसा पसरत नाही, तो कोणीतरी खोचलेलाच असतो, घराशी, देवळाशी किंवा समाधीशी. किनाऱ्यालगत अवाढव्य बुंध्याची गोरखचिंच दिसली तर ती खूण आणखी लांबची आहे. हे झाड मूळचं आफ्रिकेचं, समुद्री व्यापाराच्या वाटेने इथे आलेलं.

खोडावरचे ओरखडे, भोकं, चिखल कोणत्या प्राण्याचे?

उंची आणि आकार, दोन्ही बघा. कमरेपासून छातीपर्यंत साल सोलून गुळगुळीत झाली असेल तर सांबराने शिंगं घासली असण्याचा संभव. गुडघ्याच्या खाली वाळलेला चिखल फासलेला आणि त्यात राठ केस चिकटलेले असतील तर रानडुक्कर चिखलात लोळून आलं होतं. आसपास पाणवठा नक्की आहे. जमिनीलगत साल कुरतडून रुंद दातांचे ठसे, हे साळिंदराचं काम. उभे, खोल, समांतर ओरखडे बिबट्याचे. मधाच्या पोळ्यापर्यंत चढत गेलेले आकड्यांचे वण अस्वलाचे, पण ते सह्याद्रीपेक्षा विदर्भात भेटण्याची शक्यता जास्त.

भीमाशंकरला मान वर करा. फांद्यांच्या दुबेळक्यात काटक्या-पानांचे मोठे गोळे दिसतील, ती शेकरूची घरटी. घरटी मोजून शेकरू मोजू नका, एकाच शेकरूची बरीच घरटी असतात.

वाळक्या, तिरप्या फांदीच्या खालच्या अंगाला कोरलेलं गोल भोक म्हणजे तांबट. भोक खालच्या बाजूला, म्हणजे पावसाचं पाणी आत जात नाही. ढोलीचं तोंड लिंपून फक्त उभी फट ठेवली असेल तर आत धनेशाची मादी अंड्यांवर बसलेली असेल. तिथे थांबू नका. नर तुमच्यामुळे फळ द्यायला येत नाही आणि आतली उपाशी राहते.

खोडावर मातीचा थर चढलाय, वाळवी लागली. झाड मरणार का?

बहुतेक वेळा नाही. वाळवी सालीचा बाहेरचा मेलेला थर खाते आणि उन्हापासून बचावासाठी वर मातीचा पापुद्रा बांधते. नखाने थोडा खरवडून बघा, खालची साल ओलसर आणि शाबूत असेल तर काळजी नको. रोपांची आणि आतून पोकळ झालेल्या झाडांची गोष्ट वेगळी.

सातविणीच्या पानांवर फोड आणि सागाच्या पानांची जाळी, हा रोग आहे का?

दोन्ही कीटकांची कामं. सातविणीवरचे फोड म्हणजे एका बारीक किड्याच्या पिल्लांची घरं. किडा जागा निवडतो, गाठ मात्र झाडच वाढवतं. सागाची जाळी पावसाळ्याच्या उत्तरार्धात अळ्या करतात, शिरा तेवढ्या सोडून. दोन्ही झाडं हे सोसून उभी राहतात. औषध फवारायला धावू नका.

बुंध्याच्या घेरावरून वय काढता येतं का?

ढोबळच. पाण्याकाठचा उंबर आणि कातळावरचा धावडा यांची जाडी सारखी असली तरी वयात पिढ्यांचा फरक असू शकतो. खोडातली वर्तुळं आपल्याकडच्या बहुतेक झाडांत स्पष्ट नसतात, कारण वाढ पूर्ण थांबेल असा बर्फाळ हिवाळाच नाही. सागाची गोष्ट निराळी. कोरड्या काळात त्याची वाढ थांबते, म्हणून त्याची वर्तुळं वाचता येतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी सागाच्या वर्तुळांवरून जुन्या पावसाचा माग काढला आहे.

वडाचं वय सांगणाऱ्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नका. मूळ खोड जातं आणि पारंब्या खोडं होऊन बसतात. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मुख्य खोड बुरशीने पोखरल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकलं, झाड अजून पसरतंच आहे.

तरी वयाला कायद्याने किंमत आली आहे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या शहरी वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ साली सुधारणा झाली आणि ५० वर्षं किंवा त्याहून जुनी झाडं हेरिटेज वृक्ष म्हणून धरली जाऊ लागली.

उतारावरची झाडं वाकडी आहेत. दरडीचा धोका समजायचा का?

हा प्रश्न गंमतीचा नाही. गावंच्या गावं गाडणाऱ्या दरडी आठवा: माळीण ३० जुलै २०१४, तळिये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. तिन्ही जुलैतल्या, तिन्ही मुसळधार पावसातल्या.

वाकडेपणात भेद करायला शिका. खोड बुंध्याशी वाकून पुढे सरळ वर गेलं असेल तर माती वर्षानुवर्षं इंचाइंचाने सरकते आहे आणि झाड स्वतःला सावरत वाढलं आहे. ही संथ हालचाल. कधीकधी नुसता उजेडाकडे जाण्याचा प्रयत्नही असा दिसतो. पण चांगली सरळ, मोठी झाडं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत अख्खी कललेली असतील, एकमेकांशी वेडेवाकडे कोन करून उभी असतील आणि गेल्या वर्षी ती तशी नव्हती, तर उतार अलीकडे हलला आहे. जोडीला जमिनीला भेगा, घराच्या भिंतीला नवे तडे, जिथे कधी नव्हता तिथे झरा फुटणं किंवा झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं, यातलं काही दिसलं तर झाडांचं निरीक्षण तिथेच थांबवा. घरातली माणसं बाहेर काढा आणि तहसील कार्यालयाला, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला कळवा.

झाडं सरळ आहेत म्हणून उतार सुरक्षित, असं उलटं अनुमान मात्र काढू नका. मोठी दरड झाडांसकट खाली येते.

सोसायटीतलं झाड पावसाळ्यात पडेल का, हे ओळखता येतं?

काही खुणा बोलक्या आहेत. बुंध्याशी टणक, थर असलेली अळंबी आली असतील तर मुळं आतून कुजत आहेत. ती काढून टाकल्याने काही होत नाही, कुजणं चालूच राहतं. झाडाच्या एका बाजूची माती फुगलेली, भेगाळलेली असेल तर मुळं उचकटत आहेत. शेंड्याकडून फांद्या वाळत येणं हे मुळांच्या दुखण्याचं लक्षण, आणि त्याचं कारण पुष्कळदा बुंध्यापर्यंत ओतलेलं काँक्रीट किंवा केबलसाठी खणलेला चर असतं. गुलमोहर ठिसूळ, मुळं वरवर पसरलेली, त्याच्याखाली गाडी लावताना विचार करावा. नुसती ढोली असणं मात्र गुन्हा नाही. पोकळ झाड भोवतीचं लाकूड जाड आणि निरोगी असेल तर वर्षानुवर्षं उभं राहतं.

परस्पर कुऱ्हाड चालवू नका. शहरात फांदी तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. एप्रिलमध्येच अर्ज करा, जूनमध्ये सगळे एकदम जागे होतात.

रानात जाणं जमत नाही. शहरात वाचण्यासारखं काय आहे?

खोडावरचं दगडफूल. गोड्या मसाल्यात घालतो त्याच जातकुळीतलं. ते मुळाने काही घेत नाही, सगळं हवा आणि पावसातून घेतं, म्हणून दूषित हवा त्याला आधी बाधते. रहदारीच्या चौकातल्या झाडांवर बहुधा खोडाला घट्ट चिकटलेले पांढुरके डाग तेवढे दिसतात. एखाद्या टेकडीकडे किंवा जुन्या बागेकडे चालत जा आणि कुठून पुढे पानासारखे, कडा सुटलेले प्रकार दिसू लागतात ते पाहा.

सुरुवात कुठून करावी?

रोजच्या वाटेवरच्या एका झाडापासून. आठवड्यातून एकदा त्याच फांदीचा, त्याच कोनातून फोटो काढा आणि खाली तारीख लिहा. पालवी, मोहोर, फळ, पानगळ, एवढंच नोंदवा. सीझनवॉच या उपक्रमात अशा नोंदी देशभरातले लोक करतात, तिथे भर घातलीत तर उत्तम. वर्षभर एक झाड बघणारा माणूस दहा अभयारण्यं पळत बघणाऱ्यापेक्षा जास्त शिकतो, असा आमचा अनुभव.

झाडांना हात लावताना काय सांभाळायचं?

बिब्ब्याला शिवू नका, त्याच्या चिकाने कातडीवर फोड येतात. थंडीत खाजकुइलीच्या तपकिरी, मखमली शेंगा वाटेवर लोंबत असतात. त्यांचे केस अंगाला लागले तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उपटून काढा. कांडोळाच्या फळावरची लवही तशीच बोचते. ढोलीत हात घालू नका, आत घोणस नसली तरी घोरपड असू शकते. आणि सावर किंवा उंबराच्या उंच फांदीखाली काळसर, हलणारा पडदा दिसला तर ते आग्यामोहोळ. खाली बिडी पेटवू नका, शेकोटी करू नका, अत्तर लावून जाऊ नका, फ्लॅश मारू नका. एकदा उठलंच तर पाण्यात उडी मारून उपयोग नाही, माश्या वर घिरट्या घालत राहतात. तोंड कपड्याने झाकून दाट झुडपांतून किंवा बंद खोलीकडे जमेल तितक्या वेगाने पळत सुटा.